आगगाडीच्या डब्यातून देवाच्या दरबाराकडे

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीच्या एका डब्यात दोन अनोळखी प्रवासी एकत्र आले. एक होता तिशी ओलांडलेला, संस्कृताचा व्यासंग असलेला, कवितेत रमणारा आणि कोणत्याही नोकरीत फार काळ न टिकलेला चित्पावन ब्राह्मण. दुसरा होता अर्नेस्ट वॉर्ड नावाचा अमेरिकन मिशनरी. बोलणे धर्माकडे वळले. निरोप घेताना वॉर्ड यांनी सहप्रवाशाच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही करून टाकले. त्या ब्राह्मणाला ते खरे वाटण्याचे काहीच कारण नव्हते. पण सौजन्य म्हणून, वाचून पाहीन असा शब्द त्याने दिला आणि दिला तसा पाळला. त्याचे नाव नारायण वामन टिळक. पुढे ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून मराठी शाळांच्या क्रमिक पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या भेटत राहिलेले रेव्हरंड टिळक ते हेच.

वॉर्ड हे फ्री मेथडिस्ट पंथाचे. हा तपशील चरित्रांत एका ओळीत उरकला जातो. प्रस्तुत लेखकाला मात्र तो तिथेच सोडावासा वाटत नाही. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये आपल्या अनुयायांचे लहान लहान वर्ग पाडले होते. दहा-बारा माणसांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, आपल्या अंतःकरणाची स्थिती एकमेकांना मोकळेपणाने सांगावी, प्रार्थना करावी आणि जमेल ती वर्गणी द्यावी, एवढीच ती व्यवस्था होती. गंमत अशी की, १७४२ साली ब्रिस्टल येथील प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्याला एकेक पेनी गोळा करण्याची सोय म्हणून हे वर्ग निघाले. कर्जाची वसुली बाजूला राहिली आणि माणसे एकमेकांच्या सुखदुःखाची वाटेकरी झाली. पुढे अमेरिकेत या पंथातील काही मंडळींना चर्चमधील बाके श्रीमंतांना भाड्याने देण्याची चाल खटकू लागली. गुलामगिरीविषयीचे मौनही त्यांना असह्य झाले. त्यांनी १८६० साली वेगळी चूल मांडली. बसायची जागा सर्वांना मोफत, म्हणून नावात ‘फ्री’. वऱ्हाड-खानदेशाच्या टापूत काम करणारे वॉर्ड या परंपरेतून आले होते. टिळक त्यांच्या पंथात गेले नाहीत. ते अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळीत दाखल झाले. तरीही लहानशी मंडळी, समान आसन आणि अंतरीची साधना या तीन गोष्टींचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला, हे त्यांचे चरित्र वाचताना पदोपदी जाणवते.

गोव्याच्या वाचकाला ख्रिस्तभक्ती आणि मराठी ही सांगड नवी नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी इथल्याच मातीत ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली राशोलला छापले गेले आणि त्यातील ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीशी नाते सांगणारी होती. स्टीफन्स १६१९ साली वारले. टिळकांचा मृत्यू १९१९ सालचा. या दोघांमध्ये बरोबर तीनशे वर्षे आहेत आणि फरकही तेवढाच मोठा आहे. स्टीफन्स हे बाहेरून येऊन मराठीत शिरले. टिळक मराठीतूनच, वारकऱ्यांच्या अभंगातून, ख्रिस्ताकडे गेले आणि जाताना आपली भाषा व आपली माणसे मागे ठेवून जायला त्यांनी ठाम नकार दिला. या नकाराची किंमत त्यांनी मोजली, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या पत्नीने मोजली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकर, अतिशय कडक. आई जानकीबाई मायाळू आणि कवितेची आवड असलेली. कल्याणला बालपण गेले. आई लवकर गेली आणि त्या घरात मुलाला थारा वाटेनासा झाला. पोरसवदा वयातच तो घर सोडून नाशिकला पोहोचला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला. थोडेफार इंग्रजी पदरी पडले. पदवी नाही, परीक्षा नाही, पण पाठांतर दांडगे आणि वाणी ओघवती. घर सोडून निघण्याची ही सवय मात्र त्यांना जन्मभर पुरली. कोणालाही न सांगता उठून जाणे आणि कधीतरी अवचित परत येणे, हा त्यांच्या संसाराचा नेम होऊन बसला होता.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले गेले. तिचे वय अकरा-बारा वर्षांचे. माहेरी वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने सारे घर बेजार. सासरी सासऱ्यांचा धाक आणि नवऱ्याचा पत्ता नाही. टिळकांनी तिला वाचायला शिकवले, हे त्यांच्या खात्यावरचे मोठे पुण्य मानावे लागेल, कारण मराठी गद्याला ‘स्मृतिचित्रे’ मिळाली ती त्या अक्षरओळखीतून. पण तो अजून दूरचा विषय.

नोकऱ्या येत होत्या, जात होत्या. शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक, संपादक असे नाना वेष त्यांनी धारण केले. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी काही काळ संस्कृत ग्रंथांचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे नियतकालिक चालवले. बाहेरून पाहणाऱ्याला ही भटकंती चंचलपणाची वाटे. आत मात्र एकच प्रश्न त्यांना सतावत होता. जातिभेद त्यांना पटेनासा झाला होता, मूर्तिपूजेवरचा विश्वास उडाला होता, आणि देशाची अवनती धर्माच्या अवनतीशी बांधलेली आहे असे त्यांना वाटू लागले होते. देव सर्वांचा पिता आणि माणसे एकमेकांची भावंडे, अशा मोजक्या तत्त्वांवर एक नवा धर्मच स्थापन करावा, असेही त्यांच्या मनात घोळत होते. अशा मनःस्थितीत ते राजनांदगाव संस्थानातील नोकरीसाठी त्या गाडीत बसले होते.

दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी ‘नवा करार’ उघडला आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. जी तत्त्वे आपण जुळवू पाहत होतो ती इथे आधीच कोणीतरी जगून दाखवली आहेत, असे त्यांना वाटले. पुढची दोन वर्षे त्यांनी वाचन, पत्रव्यवहार आणि विलक्षण अंतर्गत झगडा यांत काढली. मित्र गेले, नोकरी गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वॉर्ड यांचे भाकीत मुदतीत खरे ठरले.

लक्ष्मीबाईंवर या बातमीने काय कोसळले असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी मेलेला. पदरात चार वर्षांचा दत्तू. माहेरच्या माणसांनी आणि बहिणीच्या घरच्यांनी त्यांना सांभाळले. जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नी वेगळे राहिले. टिळक पत्रे लिहीत, भेटायला येत. परत येण्याचा आग्रह करीत, पण धर्म बदलण्याची सक्ती त्यांनी केली नाही. शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याकडे आल्या, त्या ब्राह्मण राहूनच. काही काळ स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे-ओवळे जसेच्या तसे. एकाच संसारात दोन धर्म आणि दोन चुली. टिळकांनी ते मुकाट्याने चालू दिले. उतावळ्या स्वभावाच्या या माणसाने आयुष्यात दाखवलेला हा बहुधा सर्वांत मोठा धीर.

मग लक्ष्मीबाईंच्या मनात स्वतःचाच विचार सुरू झाला. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणा प्रवचनकाराने दिले नाही, ते त्यांनी आपले आपण शोधले. एकदा ते मिळाल्यावर वेगळ्या चुलीला अर्थच उरला नाही. १९०० साली राहुरीच्या मुक्कामात त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. ते छप्पनच्या दुष्काळाचे दिवस होते. नगर जिल्हा होरपळत होता, मिशनने शेकडो अनाथ मुले आश्रयाला घेतली होती आणि कालपर्यंत दुसऱ्याच्या हातचे पाणी न घेणारी बाई त्या मुलांत वावरू लागली होती.

टिळक ज्या मंडळीत दाखल झाले होते तिचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरला १८३१ पासून चालू होते. नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मंडळ्या बहुतांशी महार आणि मांग समाजातल्या माणसांच्या होत्या. गावकुसाबाहेर एक छोटी शाळा, तिथला मास्तर हाच उपदेशक, रविवारी तिथेच उपासना. माणसे गरीब, अक्षरांशी नव्याने ओळख झालेली, मिशनच्या पगारावर आणि मिशनऱ्याच्या शब्दावर अवलंबून असलेली. गायला मिळत ती इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे, परक्या चालींवर. शब्द मराठी असले तरी त्यांची मात्रा इंग्रजी चालीच्या मापाने कापलेली असे. ज्या माणसाच्या कानात तुकोबांचा अभंग लहानपणापासून वाजत होता त्याला हे कसे सोसावे?

टिळकांनी तिथे जे केले तेच त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य होय, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्यांनी मंडळीला तिचे गाणे दिले. अभंग, ओवी, पद, आरती, भूपाळी ही सारी घरची रूपे त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी वापरली. टाळ, मृदंग, एकतारी उपासनेत आली. ख्रिस्ती कीर्तनाची वाट नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी आधी पाडली होती. टिळकांनी ती रुंद केली. मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये आजही वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात सर्वांत मोठा वाटा त्यांचाच आहे. आपल्या रचना ते अनेकदा ‘दास’ या नाममुद्रेने संपवीत. अक्षर न येणारी म्हातारीही ती गीते पाठ म्हणू शके, कारण त्यांची लय जात्यावरची होती, शेतातली होती, दिंडीतली होती. ज्यांना गावच्या देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या तोंडी आता अभंग आला होता आणि तो त्यांच्यासाठीच रचलेला होता.

यात एक विसंगती आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. ब्राह्मण कवीने वारकरी वळणाची भक्ती ख्रिस्ती मंडळीत आणली, तेव्हा तिथल्या सगळ्यांना ती आवडलीच असे नव्हते. ज्या जुन्या जगाने आपल्याला बाहेर ठेवले त्याचीच चाल पुन्हा कशाला, असे कोणाला वाटले असेल तर ते चुकीचे कसे म्हणावे? टिळकांची बाजू मात्र स्पष्ट होती. चोखामेळाही याच परंपरेतला. ही मिराशी कोणा एका जातीची नव्हे. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची धारणा होती आणि तो पूल आल्यावर तोडून टाकण्याची कृतघ्नता त्यांना मान्य नव्हती.

अहमदनगरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मुलांसाठीच्या ‘बालबोधमेवा’चे आणि १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे त्यांनी संपादन केले. १८४२ साली नगरला निघालेले हे पत्र त्यांच्या हाती आल्यावर त्यात मिशनच्या वार्तेबरोबरच कविता, देशस्थिती आणि मंडळीच्या स्वावलंबनाची चर्चा जोमाने होऊ लागली.

पण मंडळी म्हणजे नुसती रविवारची सभा नव्हे. टिळकांचे घर हीच एक मंडळी होती. पगार हातात आला की वाटेत भेटलेल्या गरजवंताच्या हाती जावा, भुकेलेला कोणीही जेवायला बसावा, पोरके मूल घरी आणले जावे आणि ते घरचेच होऊन राहावे, असा तिथला रिवाज. त्यात जात विचारायची सोय नव्हती. हे सारे कानाला फार गोड लागते. धान्याच्या डब्यात उद्याचे पीठ आहे की नाही, हे पाहणारी मात्र दुसरीच होती. लक्ष्मीबाईंनी त्या घराची जी वर्णने पुढे लिहून ठेवली, त्यांत नवऱ्याच्या उदारपणाचे कौतुक आहे आणि त्याच्या बेहिशेबीपणावर लटका नव्हे, खराच राग आहे. भांडणे होत, अबोला होई, आणि परत हसू येई. संतांच्या बायकांनी आपल्या आठवणी लिहिल्या असत्या तर आपले संतवाङ्मय किती वेगळे झाले असते, असे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मनात येऊन जाते.

याच घरात मराठी कवितेचे एक अल्लड लेकरूही काही काळ राहून गेले. १९०७ साली जळगावला भरलेल्या पहिल्या कविसंमेलनामागे टिळकांची खटपट होती. अध्यक्ष होते कर्नल कीर्तिकर. त्या संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि तो ‘बालकवी’ ठरला. टिळक दांपत्याने त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. एका ख्रिस्ती घरात हिंदू मुलगा पोटच्या मुलासारखा राहिला आणि त्याच्या धर्माला कोणी हात लावला नाही. निसर्गाकडे टक लावून पाहण्याची जी ओढ दोघांच्याही कवितेत आहे, तिचे गोत्र एकच. ‘वनवासी फूल’ लिहिणाऱ्या टिळकांना फुलात केवळ सौंदर्य दिसत नव्हते, तिथे ते बसून राहू शकत होते.

हे बसून राहणे हा त्यांच्या भक्तीचा गाभा. स्वभावाने तडकाफडकी, वादाला सदैव तयार असा हा माणूस प्रार्थनेत मात्र तासन्‌तास हरवून जाई. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त हा सिद्धान्ताचा विषय नाही. तो सखा आहे, गुरू आहे आणि पुष्कळदा तर माउलीच आहे. ज्ञानेश्वरांना ज्या शब्दाने वारकरी हाक मारतात तोच त्यांनी ख्रिस्ताकडे नेला. मागणे सरावे, बोलणे सरावे, मग फक्त सहवास उरावा, अशी त्यांच्या प्रार्थनेची वाटचाल होती. पाश्चात्त्य प्रोटेस्टंट परंपरेत प्रवचनाला जे महत्त्व आहे ते त्यांना कमी करायचे नव्हते. पण शिकवण ऐकली, खाली उतरून घरी गेलो, आणि आत काहीच हलले नाही, तर त्या उपासनेला काय म्हणायचे, हा प्रश्न त्यांना छळत असे. मौन, नामस्मरण, एकांत, सत्संग हे देशी उपाय मंडळीने पारखून पाहावेत, अशी त्यांची तळमळ होती.

ही तळमळ मिशनच्या चाकोरीत मावणारी नव्हती. नगरचे डॉ. ह्यूम यांच्यासारखे वडीलधारे मिशनरी त्यांच्यावर प्रेम करीत, आणि टिळकांच्या मनातही त्यांच्याविषयी आदर होता. तरी मिशनऱ्यांनी भारतीय ख्रिस्ती माणसाचे पालक होऊन बसावे, हे त्यांना सलत होते आणि ते त्यांनी कवितेतून व लेखांतून उघडपणे सांगितले. त्यांच्या मते दुखणे दुहेरी होते. मिशन पगार देते म्हणून मंडळी परावलंबी राहते. आणि उपदेशक पगार घेतो म्हणून बाहेरचा माणूस त्याची भक्ती विकत घेतलेली समजतो. यांतला दुसरा आरोप स्वतः टिळकांवरही येत होता. तो त्यांच्या जिव्हारी लागे.

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला. संन्यास घेतल्याचे जाहीर केले आणि मुक्काम साताऱ्याला हलवला. गोमंतकीय वाचकाला येथे सोहिरोबानाथ आंबिये आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पेडणे महालाशी नाते सांगणारे सोहिरोबा असेच उतारवयात वतन सोडून उत्तरेकडे निघाले आणि ग्वाल्हेरकर शिंद्यांच्या राज्यात पोहोचले. तिथे महादजींच्या कवितेवर त्यांनी निर्भीड अभिप्राय दिल्याची कथा प्रसिद्धच आहे. राजाचा दरबार सोहिरोबांना बांधू शकला नाही. टिळकांनी तर स्वतःच एक दरबार मांडला, त्यात राजा मात्र माणूस नव्हता. त्यांनी त्याला नाव दिले ‘देवाचा दरबार’.

हा नवा पंथ नव्हता आणि नवे चर्चही नव्हते. ख्रिस्ताला गुरू मानून त्याच्या मागे जाऊ इच्छिणाऱ्या कोणाचेही तिथे स्वागत होते, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. जात सोडून मोकळे व्हावे, पण समाज सोडून परके होऊ नये. भजन, चिंतन, सेवा ही साधना. पगार कोणाला नाही, जे मिळेल ते वाटून घ्यावे. म्हटले तर ही आश्रमाची कल्पना, म्हटले तर वारकऱ्यांची दिंडी, आणि वेस्लींच्या त्या दहा-बारा जणांच्या वर्गाशीही तिचे नाते जुळते.

मंडळीत खळबळ उडणे स्वाभाविक होते. बाप्तिस्मा न घेताही माणूस ख्रिस्ताचा होऊ शकतो, हे एका दीक्षित पाळकाने सांगायचे? ज्यांनी बाप्तिस्म्यापायी गाव, वतन, आप्त गमावले होते, त्यांना यात आपल्या त्यागाचे अवमूल्यन दिसले तर नवल नाही. टिळकांनी स्वतःही त्यासाठी सर्वस्व गमावले होते. कदाचित म्हणूनच ती किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागू नये, असे त्यांना वाटू लागले असावे. एका हिंदू बायकोची वेगळी चूल ज्याने काही काळ सांभाळली, त्याला देवाची वाट एकाच दाराने जाते असे मानणे जड गेले असेल. हा आमचा तर्क आहे, पण त्यांच्या चरित्राला तो विसंगत वाटत नाही.

संन्यासाचे काय? तो घर सोडण्याचा संन्यास नव्हता. कुटुंब बरोबरच राहिले, फक्त महिन्याचा पगार गेला. पुन्हा एकदा निर्णय एकाचा आणि त्याचे व्यवहार निभावणारी दुसरी. टिळकांचे मोठेपण सांगताना हे नजरेआड करणे त्यांच्यावरही अन्याय करणारे ठरेल. ज्या सर्वसमान दरबाराचे स्वप्न ते पाहत होते, त्याची कसोटी घरातच लागत होती, आणि तिथे त्यांना नेहमीच पैकीच्या पैकी गुण मिळाले असे म्हणता येत नाही.

दरबाराला अवघी दोन वर्षेही मिळाली नाहीत. ५ मे १९१८ रोजी बालकवी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात गेले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. टिळकांची प्रकृतीही ढासळत गेली. त्यांना मुंबईला हलवण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी त्यांनी देह ठेवला. दफनाऐवजी दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती, आणि तसेच झाले. मरणातही त्यांना आपल्या माणसांपासून वेगळे व्हायचे नव्हते.

दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. तो एका माणसाच्या तेजावर उभा होता, त्याला दुसरा खांब नव्हता. पण कल्पना विझली नाही. टिळकांच्या सहवासाने भारावलेल्या जे. सी. विन्स्लो या अँग्लिकन पाद्रींनी १९२२ साली नगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला आणि पुढे तो पुण्यात आणला. टिळकांचे इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिले. मेथडिस्ट मिशनरी स्टॅन्ली जोन्स यांनी १९३० साली कुमाऊँतील सातताल येथे आश्रम काढला. वॉर्ड ज्या परंपरेतून आले होते तिच्यातही आता मौन आणि सहजीवन आश्रमाच्या रूपाने रुजू लागले होते.

टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले होते. त्यांच्या हातून थोडेच अध्याय झाले. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. पन्नाशीनंतर, नवऱ्यानेच शिकवलेल्या अक्षरांत, त्या ओव्या रचत बसल्या. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या. मागे राहिलेले ‘ख्रिस्तायन’चे बाड त्यांच्या दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, १९३८ साली छापून प्रसिद्ध केले.